प्रत्येक जळजळ उन्हाळी नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी आणि पानठेल्यापानठेल्यावर एकच सल्ला ऐकू येतो. लघवीला जळजळ होते ना, मग उन्हाळी लागली; धने-जिऱ्याचे पाणी घे, सब्जा भिजव, बेलाचे सरबत पी, दोन दिवसांत उतरेल. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही हेच येते. सल्ला चुकीचा नाही. पारा 45 अंशांना टेकतो त्या दिवसांत बरीचशी जळजळ खरोखरच अंगात पाणी कमी पडल्याने होते. पण याच शब्दाच्या आडोशाला दोन आजार वर्षानुवर्षे लपून राहतात. एक गोनोरिया, ज्याला आपल्याकडे परमा म्हणतात. दुसरा क्लॅमिडिया, ज्याला बोलीत नावच नाही. आणि नाव नाही म्हणून तो कोणाला ठाऊकही नाही. तिसऱ्याचे, सिफिलिसचे, तर जुने नावच ‘गरमी’. ऊन, अंगातली उष्णता आणि शरीरसंबंधातून आलेला संसर्ग ही तीन वेगळी प्रकरणे आपल्या बोलण्याने एकाच गाठोड्यात बांधून टाकली आहेत. ते गाठोडे सोडवण्यासाठी हे पत्र.

आधी खरी उन्हाळी ओळखू. लघवी थोडी होते, गडद पिवळी असते, तिला उग्र वास येतो. दिवसभर उन्हात फिरलेल्याला, कूलरपुढे बसून पाणी प्यायचे विसरलेल्याला ती हमखास लागते. तीन-चार तासांत दीड-दोन लिटर पाणी पोटात गेले, लघवी फिकी झाली, की जळजळ त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी जाते. चड्डीला डाग लागत नाही. लघवी नसतानाच्या वेळी काही त्रास नसतो. उन्हाळीची ओळख इतकीच, आणि यातले एकही कलम जुळले नाही तर सब्जाचा डबा बाजूला ठेवावा.

परम्याला दिवस असतात. संबंध आल्यापासून साधारण दोन ते सात दिवसांत तो पुरुषांमध्ये तोंड वर काढतो. शनिवारी रात्री निरोधशिवाय संबंध आला असेल, तर पुढच्या सोमवारपासून शनिवारपर्यंतचा आठवडा महत्त्वाचा. आधी मूत्रमार्गाच्या तोंडाशी चुरचुर होते, मग लघवी सुरू होताना काच फिरल्यासारखी आग, आणि मागोमाग पू. हा पू घट्ट, पिवळा किंवा पिवळसर हिरवा असतो. तो आपोआप येतो, दाबावे लागत नाही. सकाळी उठल्यावर चड्डीच्या पुढच्या भागावर वाळून कडक झालेला, कडा गडद असलेला डाग दिसतो. मूत्रमार्गाचे तोंड लाल आणि किंचित सुजलेले असते. उन्हाळीत यातले काहीही होत नाही. तरुण पुरुषाला मूत्राशयाचा साधा संसर्ग तसा क्वचितच होतो. त्यामुळे पंचविशीतला माणूस जळजळ घेऊन आला की पहिला विचार परमा-क्लॅमिडियासारख्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचा करावा लागतो, आणि प्रश्न विचारावे लागतात. ते प्रश्न चारित्र्याचे नसतात, तारखांचे असतात.

क्लॅमिडिया याहून मुका. त्याला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे लक्षण दिसेपर्यंत तो शनिवार विस्मरणात गेलेला असतो. पू नसतो, पातळ, पाण्यासारखा किंवा दुधाळ स्राव असतो, तोही बहुधा फक्त सकाळी पहिल्या लघवीच्या आधी एखादा थेंब. कधी मूत्रमार्गाचे तोंड नुसते चिकटलेले असते. जळजळ सौम्य, खाज वाटावी इतकी. हीच ‘थोडीशी उष्णता’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. शिवाय ज्यांना क्लॅमिडिया आहे अशा पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के जणींना काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात जगभर 15 ते 49 वयोगटात क्लॅमिडियाचे 12 कोटी 90 लाख आणि गोनोरियाचे 8 कोटी 20 लाख नवे संसर्ग झाले. म्हणजे हा ‘तसल्या’ लोकांचा दुर्मिळ आजार नाही.

घरगुती उपायांत एक सापळा आहे. पाणी भरपूर प्यायले की लघवी पातळ होते आणि परम्याचीही आग कमी वाटते. लघवी वारंवार झाल्याने पू धुऊन जातो, डागही फिका पडतो. औषधाच्या दुकानातून आणलेले, लघवीची आम्लता कमी करणारे ते गोड-खारट सिरपही नेमके हेच करते. जंतू जागच्या जागी असतात. याहून फसवी गोष्ट अशी की औषध न घेताही परम्याचा पू काही आठवड्यांत, महिन्यांत आटतो. ‘धने-जिऱ्याने बरा झालो’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याची लक्षणे गेलेली असतात, संसर्ग आणि संसर्ग देण्याची क्षमता मात्र राहिलेली असू शकते. अशांपैकी काहींना पुढे कित्येक वर्षांनी मूत्रमार्ग आतून आवळून लघवीची धार बारीक होते, आणि तेव्हा त्या जुन्या उन्हाळीची कोणाला आठवणही नसते.

तपासणीतही अशीच एक गफलत होते, ती सविस्तर सांगायला हवी. जळजळ आहे म्हटल्यावर बहुतेक जण स्वतःहून लॅबमध्ये जाऊन लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू थाळीवर वाढवून पाहण्याची तपासणी, करून घेतात. तिथे बरोबरच सांगितले जाते की पहिली धार सोडून मधली लघवी बाटलीत धरा. मूत्राशयाच्या संसर्गासाठी ते योग्य आहे. पण परमा आणि क्लॅमिडिया मूत्राशयात नसून मूत्रमार्गाच्या अस्तरात बसलेले असतात, आणि त्यांचा ऐवज पहिल्या धारेबरोबर वाहून गटारात जातो. कल्चरची नेहमीची थाळीही त्यांच्या कामाची नाही. गोनोरियाच्या जंतूला चॉकलेट अगार नावाचे खास खाद्य आणि कार्बन डायऑक्साइड असलेली हवा लागते. क्लॅमिडिया तर जिवंत पेशीच्या आतच वाढतो, थाळीवर उगवतच नाही. म्हणून रिपोर्टवर ‘पस सेल्स’ भरपूर आणि खाली ‘नो ग्रोथ’ अशी जोडी दिसते. हा रिपोर्ट ‘क्लीन’ नाही. पू आहे आणि नेहमीचा जंतू उगवत नाही, याचा अर्थ शोध चुकीच्या जागी चालला आहे.

योग्य रीत उलटी आहे. डॉक्टरकडे जाण्याआधी किमान एक तास, जमल्यास दोन तास लघवी करू नये. सकाळी उठल्याबरोबर, पहिल्या लघवीच्या आधी गेलात तर सर्वांत उत्तम. स्राव दिसत असेल तर तो कापसाच्या बारीक काडीने काचपट्टीवर घेऊन ‘ग्रॅम’ नावाच्या पद्धतीने रंगवतात. पांढऱ्या पेशींच्या पोटात कॉफीच्या बियांसारख्या जोडीजोडीने बसलेले गुलाबी जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, की पू येत असलेल्या पुरुषात परम्याचे निदान जवळपास पक्के होते. याला वेळही फार लागत नाही. स्राव नसेल तर जंतूंची जनुके शोधणाऱ्या पीसीआर पद्धतीच्या चाचणीसाठी लघवीची सुरुवातीची 10 ते 20 मिली, म्हणजे दोन ते चार चमचे, एवढीच धरायची असते. अख्खी बाटली भरून दिली तर जंतू पातळ होतात आणि चाचणी चुकते. घरी कोणतीही प्रतिजैविके सुरू करून मग तपासायला येणे म्हणजे चोर पळाल्यावर पंचनामा.

नागपुरात ‘मेडिकल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: चौकातले औषधाचे दुकान आणि मेडिकल चौकातले ते मोठे रुग्णालय. या आजारात लोक पहिल्या मेडिकलमध्ये जातात, जायला हवे दुसऱ्यात. दुकानात हळू आवाजात ‘लघवीची जळजळ’ एवढेच सांगितले जाते आणि बदल्यात सिप्रो किंवा नॉरफ्लॉक्सच्या चार गोळ्या मिळतात. गोनोरियाच्या जंतूने एकेक औषध पचवले आहे. सल्फाची औषधे 1930च्या दशकात आली आणि दहाएक वर्षांत निकामी झाली. पेनिसिलिन फोडून टाकणारे वाण 1976 मध्ये सापडले. मग टेट्रासायक्लीन गेले, त्यामागून सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजेच सिप्रो. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत सिप्रोच्या गटातली औषधे परम्यासाठी वापरू नका, असे स्पष्ट सांगितले. आज भिस्त सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शन आणि सेफिक्सिम यांच्यावर आहे, आणि अर्धवट डोस देऊन आपण त्यांनाही त्याच वाटेला लावतो आहोत. सेफिक्सिम ‘एच-1’ यादीतले औषध आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. हा नियम 2014 पासून लागू आहे.

दुकानातल्या औषधाने आणखी एक घोटाळा होतो. समजा नशिबाने योग्य औषध मिळाले, पिवळा पू दोन दिवसांत थांबला. आठवडाभराने पुन्हा पातळ स्राव सुरू. माणूस म्हणतो, औषध लागू पडले नाही. प्रत्यक्षात परमा गेलेला असतो आणि त्याच रात्री सोबत आलेला क्लॅमिडिया आता आपल्या वेळेनुसार उगवलेला असतो. दोघे इतक्या वेळा जोडीने येतात, की चाचणीची सोय नसेल तिथे डॉक्टर दोन्हींची औषधे एकदम देतात. ‘एका आजाराला दोन औषधे कशाला’ म्हणून त्यातले एक परस्पर वगळू नका.

आता स्त्रियांविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते आणि सर्वांत कमी लक्षणे तिथेच असतात. पुरुषाला निदान डाग दिसतो. स्त्रीमध्ये हे जंतू गर्भाशयमुखात बसतात, तिथे वेदना जवळपास जाणवत नाही. अंगावरून पांढरे जाणे हे वाक्य सगळ्यांच्या परिचयाचे, पण त्यातले बरेचसे पांढरे निरोगी असते. पाळीच्या मध्यावर ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे, बोटांत ताणले जाईल असे असते. पाळीपूर्वी घट्ट व दुधाळ होते. त्याने हाडे झिजत नाहीत, कंबर मोडत नाही. खाज आणि दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव असेल तर बुरशी. राखाडी, पातळ, मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर, असेल तर योनीतल्या जंतूंचा तोल बिघडलेला. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग, ज्यात जोडीदारालाही औषध द्यावे लागते. परमा आणि क्लॅमिडियाच्या खुणा यांहून वेगळ्या आहेत: संबंधानंतर रक्ताचा ठिपका, दोन पाळ्यांच्या मधे डाग, पिवळट स्राव, आणि ओटीपोटात खोलवर मंद दुखणे. यांपैकी रक्ताचा ठिपका ‘उष्णतेने पाळी मागेपुढे झाली’ या खात्यात सर्रास जमा होतो.

ओटीपोट दुखू लागले म्हणजे संसर्ग गर्भाशयातून वर, गर्भनलिकांपर्यंत चढला असण्याची शक्यता असते. दोन्ही बाजूंना दुखते, संबंधाच्या वेळी खोल कळ येते, कधी ताप येतो. कळ थांबवणारी गोळी घेऊन कामाला लागणाऱ्या बाईच्या नलिकेत दरम्यान चट्टे पडत असतात. याची किंमत पुढे दोन प्रकारे मोजावी लागते: मूल न राहणे, किंवा गर्भ नलिकेतच राहणे. पाळी चुकली आहे, एका बाजूला पोटात जोराची कळ आहे आणि चक्कर येते आहे, असे झाले तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. नलिका फुटली तर रक्तस्राव आत होतो, बाहेर दिसत नाही. पांढऱ्यासाठी दुकानातून आणून योनीत ठेवलेल्या गोळ्या बुरशीवर चालतात, परमा-क्लॅमिडियाला त्यांनी काहीही होत नाही. जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून धुणे तर उलटेच पडते, कारण तिथले राखणदार जंतूच त्याने मरतात. तांबी बसवण्याआधी अशा खुणा असतील तर त्या न लपवता सांगाव्यात. संसर्ग असताना तांबी बसवली तर तो वर चढण्याचा धोका असतो.

आईला गोनोरिया असेल आणि बाळंतपण योनीमार्गे झाले, तर दोन ते पाच दिवसांत बाळाचे डोळे सुजून पुवाने चिकटतात. हे ‘डोळे आले’ नव्हे. आईचे दूध डोळ्यांत पिळण्यात दिवस घालवला तर बुबुळाला इजा होऊन दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी बाळाला रुग्णालयात न्या. क्लॅमिडियाने होणारा असाच त्रास थोडा उशिरा, साधारण पाचव्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिसतो.

घशात आणि गुदद्वारातही हे जंतू बसतात आणि बहुधा गप्पच असतात. त्यामुळे संबंध कोणत्या प्रकारे आला हे डॉक्टरांना सांगितले नाही, तर नमुना भलत्या जागेचा घेतला जातो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. संकोच कळतो; पण नमुना कुठून घ्यायचा हे त्याशिवाय ठरत नाही.

पुरुषांत एका बाजूची गोळी, म्हणजे वृषण, हळूहळू, एक-दोन दिवसांत सुजून दुखू लागली, सोबत जळजळ किंवा स्राव असेल, तर संसर्ग वृषणामागच्या नळीत पोचला आहे. पण कळ अचानक, झोपेतून उठवणारी असेल, सोबत उलटी होत असेल, तर ते गोळीला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते, आणि त्याचा या आजारांशी काही संबंध नाही. तिथे साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर गोळी वाचते. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे.

जे आजार नाहीत तेही सांगणे भाग आहे, कारण भीतीवर पोट भरणारे पुष्कळ आहेत. शौचाला जोर करताना किंवा लैंगिक विचाराने आलेला पारदर्शक, चिकट थेंब, जळजळ नाही, डाग पिवळा नाही, याला लोक धात जाणे म्हणतात. ती ग्रंथींची नेहमीची ओल असते. लघवी कधी गढूळ, चुन्याच्या पाण्यासारखी दिसते, ते बहुधा फॉस्फेटचे क्षार असतात. शिश्नाच्या बोंडाच्या कडेला एका रेषेत असलेले मोत्यासारखे बारीक दाणे ही शरीराची स्वाभाविक ठेवण आहे, चामखीळ नव्हेत. आणि उपचार झाल्यावर ‘अजून येते का’ म्हणून दिवसातून दहा वेळा मूत्रमार्ग पिळून पाहणाऱ्यांना एक विनंती: पिळू नका. पिळण्यानेच आतले अस्तर चिडते आणि थेंब येतो. मग तो थेंब पाहून माणूस पुन्हा पिळतो.

सिफिलिसबद्दल थोडक्यात. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (10 ते 90 दिवसांत केव्हाही) एकच, न दुखणारी, बुडाला बटणासारखी कडक लागणारी जखम होते. ती तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते, आणि हीच तिची लबाडी. मग काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, न खाजणारे तांबूस डाग उठतात; नागपुरात त्याचेही घामोळे किंवा उष्णता करून टाकतात. घामोळे तळहातावर होत नाही. दुखणाऱ्या, द्राक्षांच्या घोसासारख्या बारीक फोडांचा झुबका वारंवार त्याच जागी येत असेल तर ती बहुधा हर्पीस. सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही स्वस्त रक्ततपासणी आहे, पण जखम ताजी असताना पहिला-दुसरा आठवडा ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून पुन्हा करावी लागते. गरोदरपणात पहिल्याच तपासणीला ती करून घ्यावी.

जायचे कुठे? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. तपासणी, समुपदेशन आणि रंगावरून ओळखल्या जाणाऱ्या किटमधली औषधे तिथे मोफत मिळतात. मेडिकल आणि मेयोत (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) केस पेपर काढताना ‘त्वचा विभाग’ एवढे सांगितले तरी पुरते. खिडकीवर कहाणी सांगायची गरज नाही. स्त्रियांना डागा रुग्णालय आहेच. 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. एचआयव्हीची तपासणीही त्याच रुग्णालयात करून घ्या, कारण मूत्रमार्गाला किंवा गर्भाशयमुखाला सूज असली की एचआयव्ही शिरणे सोपे होते. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा. एचआयव्हीची जोखीम घडून 72 तास उलटले नसतील तर प्रतिबंधक औषध मिळू शकते. अशा वेळी सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नसते.

औषध कसे घ्यायचे यात आपल्या हवेचा संबंध येतो. क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लीन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, हा प्रचलित उपचार आहे. गरोदर स्त्रीला तो चालत नाही, तिच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन. डॉक्सिसायक्लीन पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून छातीत आग होते आणि ती पुन्हा ‘उष्णता’ ठरते. दूध, लोहाची गोळी, ॲसिडिटीचे औषध यांच्यात आणि तिच्यात दोन-तीन तास अंतर ठेवावे. या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, डिलिव्हरीचे काम करणाऱ्याला किंवा रस्त्यावर उभे राहणाऱ्याला दोन दिवसांत हात-मान भाजल्यासारखी होते, आणि तो गोळ्या बंद करतो. पूर्ण बाह्या, दुपट्टा, टोपी. गोळ्या मात्र सातही दिवस. एका डोसाचे औषध घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना कळवा, डोस बहुधा पुन्हा द्यावा लागतो.

जोडीदाराचे काय, इथे बहुतेकांचे घोडे अडते. मागच्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सर्वांना, लक्षणे नसली तरी, तपासणी व औषध लागते. औषधानंतर सात दिवस आणि जोडीदाराचे औषध होईपर्यंत संबंध टाळायचा. नवऱ्याने गुपचूप औषध घेतले आणि बायकोला सांगितलेच नाही, तर महिन्याभरात तो पुन्हा ओपीडीत दिसतो. अशा वेळी भांडण ‘कोणी आणले’ यावर येते. ते रिपोर्टवरून कळत नाही. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने मुका राहू शकतो. ज्याला लक्षण आधी दिसले तो दोषी, असे त्यातून निघत नाही. घरी सांगणे जड जात असेल तर समुपदेशकाकडून चिठ्ठी मागा किंवा दोघे मिळून या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, कारण उपचारानंतर पुन्हा लागण होणे फार नेहमीचे आहे. एकदा झाला म्हणून परमा पुन्हा होत नाही, असे नसते.

निरोधबाबतही ऊन आडवे येते. स्कूटरच्या डिक्कीत किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात एप्रिल-मे काढलेले निरोधचे पाकीट टाकून द्या, तारीख उरली असली तरी. उष्णतेने रबर ठिसूळ होते. पाकीट दाबून पाहा, आत हवेची उशी लागली पाहिजे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावले की रबर काही मिनिटांत कमकुवत होते, त्याऐवजी पाण्यात विरघळणारी जेली वापरावी.

शेवटी, संपादक महोदय, एक मागणी थेट आपल्याकडे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 पासून अस्तित्वात आहे. त्याच्या अनुसूचीत गोनोरिया, सिफिलिस आणि इतर गुप्तरोगांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि ते बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात छापणे त्यात मना आहे. तरीही उड्डाणपुलांच्या खांबांवर, बसथांब्यांमागे आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘परमा, गरमी, धात, एका कोर्समध्ये गॅरंटीने’ सुरूच आहे. कोणत्याही एका दैनिकाविषयी ही तक्रार नाही. पण उन्हाळ्याची पुरवणी निघेल तेव्हा धने-जिऱ्याच्या चौकटीखाली एवढा मजकूर जोडावा: ‘डाग पिवळा असेल, किंवा पाणी पिऊनही दुसऱ्या दिवशी जळजळ राहिली, तर दोन तास लघवी न करता त्वचा विभागात जा.’ आणि त्याच पानावर गॅरंटीवाल्याची जाहिरात नसावी.

आपले,
त्वचा-गुप्तरोग व स्त्रीरोग उपचार आणि समुपदेशन या क्षेत्रांत काम करणारे काही नागपूरकर